मुरूडचा राजवाडा : घर, जंगल आणि खंड



आजच्या व्याख्यानाचं नाव वाचून दोघा-तिघांनी मला आधीच विचारलं, की इंग्लिश कंट्री हाऊस हा विषय आणि रायगडचा किनारा यांचा मेळ कसा काय घालणार? तर अलिबागहून मुरूडला जाताना रेवदंडा, काशीद, नांदगाव मागे पडतं, आणि रस्ता मुरूड गावात उतरायच्या जरा आधी उजव्या हाताला, समुद्राच्या अंगाला एक टेकाड लागतं. त्या टेकाडावर एक मोठी दगडी इमारत आहे. टोकदार कमानी, मनोरे, घुमट. फाटक बंद. लोक गाडी थांबवतात, फाटकाबाहेरून फोटो काढतात आणि पुढे जंजिऱ्याच्या होड्या पकडायला राजपुरीकडे जातात. तो नवाबाचा राजवाडा, अहमदगंज पॅलेस. आजचं व्याख्यान त्याच्याबद्दल आहे. म्हणजे त्या घराबद्दल, आणि ते घर ज्याच्या जोरावर उभं राहिलं त्या सगळ्या मामल्याबद्दल.

आधी शब्द नीट समजून घेऊ. 'कंट्री हाऊस' म्हटलं की आपल्याला वाटतं गावाकडचं मोठं घर. तसं नाही. इंग्लंडमध्ये कंट्री हाऊस म्हणजे हजारो एकर जमिनीच्या मालकाचं घर. त्या जमिनीवर कुळं, कुळांकडून येणारा खंड, घराभोवती राखलेलं हरणांचं रान, लाकडासाठी राखलेलं जंगल, स्वतःची शेती, स्वतःचं पाणी, बऱ्याचदा स्वतःचं चर्च आणि त्यात बापजाद्यांची थडगी. या सगळ्याला मिळून इस्टेट म्हणतात. घर हा त्या इस्टेटीचा फक्त दिसणारा भाग. आपण टीव्हीवर मालिकांमध्ये जे बघतो, ते जिने, झुंबरं, जेवणाची लांबलचक टेबलं, ते सगळं शेवटी खंडाच्या पैशावर चालत होतं. मालिकेत खंड दाखवत नाहीत, कारण खंड बघायला कोण बसणार!

दुसरी गोष्ट. ही घरं किल्ल्यांमधून निघालेली आहेत. मध्ययुगात इंग्लंडचा सरदार गढीत राहायचा. जाड भिंती, बारीक फटी, खंदक. मग ट्यूडर राजांच्या काळात देशात अंतर्गत लढाया थांबल्या, राजा बळकट झाला, आणि सरदाराला भिंतीची गरज उरली नाही. उलट, मी इतका निर्धास्त आहे की घराला काचाच काचा लावू शकतो, हे दाखवणं प्रतिष्ठेचं झालं. डर्बीशरमधलं हार्डविक हॉल १५९० ते १५९७ या काळात बांधलं गेलं. बांधणारी बाई, बेस ऑफ हार्डविक, मोठी जबरदस्त. त्या घराला इतक्या खिडक्या आहेत की भिंत शोधावी लागते. काच तेव्हा महाग. म्हणजे खिडकी ही श्रीमंतीची जाहिरात होती, आणि त्याहून जास्त ती शांततेची जाहिरात होती.

हे लक्षात ठेवा, कारण आता आपण जंजिऱ्यावर जाणार आहोत आणि तिथेही गोष्ट जंग्यांपासून खिडकीपर्यंत जाते. जंग्या म्हणजे तटातली बंदूक रोखायची भोकं.

जंजिऱ्याचा इतिहास मराठी माणसाला एका वाक्यात पाठ असतो: शिवाजी महाराजांना जिंकता आला नाही, संभाजी महाराजांना जिंकता आला नाही. खरं आहे. महाराजांनी मुरूडसमोरच्या कासा खडकावर पद्मदुर्ग बांधला, सिद्दीला शह म्हणून. संभाजी महाराजांनी १६८२ मध्ये वेढा घातला, खाडीत दगड टाकून थेट किल्ल्यापर्यंत वाट बांधायचा प्रयत्न केला. किल्ला हाती आला नाही. पण हे वाक्य इतकं घोटलं गेलंय की त्यापुढचं कुणी विचारत नाही. सिद्दी १८१८ नंतर काय करत होते? पेशवाई संपली तरी त्यांचं राज्य १९४८ पर्यंत होतं. म्हणजे मराठ्यांशी लढण्यात जेवढी वर्षं गेली, साधारण तेवढीच वर्षं पुढे इंग्रजांच्या छत्राखाली गेली. त्या काळाचं मुख्य स्मारक म्हणजे हा टेकडीवरचा राजवाडा, आणि त्याकडे आपण पाठ फिरवून किल्ल्याकडे जातो.

सिद्दी कोण, हेही थोडक्यात सांगतो. आफ्रिकेच्या पूर्व भागातून, विशेषतः हबसाण म्हणजे आजच्या इथिओपियाच्या बाजूने, अरबी समुद्रातल्या व्यापाराबरोबर माणसं दख्खनेत आली. काही व्यापारी, काही खलाशी, काही भाडोत्री शिपाई, आणि पुष्कळ जण गुलाम म्हणून विकलेली. आपल्याकडची गुलामी आणि अमेरिकेतली गुलामी यांत फरक असा की इथे लष्करी गुलाम वर चढू शकत होता. मलिक अंबर हे त्याचं सर्वांत मोठं उदाहरण. गुलाम म्हणून विकला गेलेला पोरगा अहमदनगरच्या निजामशाहीचा कर्ताधर्ता झाला. जंजिऱ्याचे सिद्दी याच दख्खनी दुनियेतले. त्यांची ताकद होती आरमारात. गलबतं, तोफा, आणि राजपुरीच्या खाडीच्या तोंडाशी बसलेला तो किल्ला. १९ बुरूज, चारी बाजूंनी खारं पाणी आणि आत गोड्या पाण्याचे तलाव. किल्ल्यात गेलात तर सुरूलखानाच्या वाड्याचे उभे अवशेष दिसतात, कित्येक मजली. तटाच्या आत कोंडलेली उंच इमारत. जागा कमी, म्हणून वर चढत गेलेली. समुद्रात राहायचं तर असंच राहावं लागतं.

आता एकोणिसाव्या शतकात या, म्हणजे परिस्थिती कशी पालटली ते दिसेल. इंग्रजांनी समुद्र ताब्यात घेतला. आरमाराला काम उरलं नाही. शेजारी आंग्र्यांचं कुलाबा संस्थान होतं, ते १८४० च्या दशकात खालसा झालं, वारस नाही या सबबीवर. ज्या आंग्र्यांनी एकेकाळी याच किनाऱ्यावर सगळ्यांना धाक घातला, त्यांचा मुलूख कलेक्टरच्या हाताखाली गेला. सिद्दीचं राज्य मात्र राहिलं. मुरूड, म्हसळा, श्रीवर्धन, मिळून सव्वातीनशे चौरस मैल, आणि वर काठेवाडात जाफराबाद. १९०१ च्या खानेसुमारीत जंजिऱ्याची लोकसंख्या ८५ हजारांच्या आसपास भरली. पेशव्यांचं मूळ गाव श्रीवर्धन याच मुलुखातलं. बाळाजी विश्वनाथ सिद्दीच्या जाचामुळेच तिथून देशावर गेले, हेही सगळ्यांना माहीत आहे.

१८६८ च्या सुमारापर्यंत जंजिऱ्यात इंग्रजांनी फारसा हात घातला नव्हता, पोलिटिकल एजंटसुद्धा नव्हता. मग फौजदारी न्यायाचा कारभार बिघडला असं कारण पुढे करून तो नवाबाच्या हातून काढून घेतला आणि एजंट बसवला. कारभार बिघडलेला होता, यात शंका नाही. पण एजंट बसल्यावर नवाबीचा अर्थच बदलला, हेही तितकंच खरं. आता नवाबाला शत्रूपासून वाचायचं नव्हतं. त्याला एजंटाच्या नजरेत चांगला राज्यकर्ता दिसायचं होतं.

इथे सिद्दी अहमदखान येतात. जन्म १८६२. वडील इब्राहिमखान १८७९ मध्ये वारले. मुलगा लहान, म्हणून कारभार सरकारच्या देखरेखीखाली, आणि मुलाचं शिक्षण राजकोटच्या राजकुमार कॉलेजात. ही शाळा म्हणजे इंग्लंडमधल्या सरदारपुत्रांच्या शाळांची काठेवाडी आवृत्ती होती. क्रिकेट, घोडा, इंग्रजी, शिस्त, आणि सभ्य माणूस कसा राहतो याचं बाळकडू. १८८३ मध्ये त्यांना पूर्ण अधिकार मिळाले आणि १८८५ मध्ये मुरूडच्या टेकडीवर राजवाडा उभा राहिला. वय तेवीस. पुढे त्यांना 'सर' ही पदवी मिळाली. मुरूडची सर एस. ए. हायस्कूल ही शाळा त्यांच्याच नावाची.

तेवीस वर्षांच्या नवाबाने काय केलं बघा. तो किल्ल्यात वाडा बांधत नाही. मुरूडच्या बाजारपेठेत, मशिदीजवळ, लोकांच्या मधेही बांधत नाही. तो गावाबाहेर, उंचावर, समुद्राकडे तोंड करून घर बांधतो. मराठी वाडा कसा असतो? रस्त्याला कोरी भिंत, दिंडी दरवाजा, आत चौक. घराचं तोंड आत. जगाकडे पाठ. किल्ल्यातला सुरूलखानाचा वाडाही तटाच्या पोटातला. अहमदगंजचं तोंड बाहेर आहे. लांबून दिसावं आणि तिथून लांबवर दिसावं, ही दोन्ही कामं ते घर करतं. ही कल्पना इंग्लिश कंट्री हाऊसची. तिथेही बागरचनाकार मुद्दाम रस्ता वळवायचे, झाडं हटवायचे, तळी खोदायचे, कशासाठी? पाहुणा बग्गीतून येताना घर त्याला ठरावीक जागी अचानक दिसलं पाहिजे. लॅन्सलट ब्राउन नावाचा माणूस अठराव्या शतकात याच कामावर मोठा झाला. मुरूडला ब्राउनची गरज नव्हती, टेकडी होतीच. आणि घरातून दिसतं काय? ज्या समुद्रावर दीडशे-दोनशे वर्षं तोफा चालल्या तो समुद्र, आणि त्यात पद्मदुर्ग. शत्रूचा किल्ला आता देखावा झाला. मला ही गोष्ट सगळ्या घुमट-कमानींपेक्षा जास्त बोलकी वाटते.

घुमट-कमानींबद्दलही बोलू. राजवाड्याची शैली कुणी मुघल सांगतं, कुणी गॉथिक. दोन्ही बरोबर. टोकदार कमान ही युरोपातल्या गॉथिक चर्चमध्येही आहे आणि मशिदीतही आहे. एकोणिसाव्या शतकातल्या इंग्रज वास्तुशिल्पींनी हा योगायोग पुरेपूर वापरला. मुंबईचं व्हीटी स्टेशन त्याच वर्षांत बांधून होत होतं, व्हिक्टोरियन गॉथिक आणि हिंदुस्थानी नक्षी यांचा मिलाफ. समुद्रमार्गे मुंबई जवळ, अर्ध्या दिवसाचा प्रवास. तेव्हा मुरूडच्या राजवाड्याचं नातं लंडनपेक्षा मुंबईशी जास्त आहे, असं माझं मत. लंडनची कल्पना मुंबईत शिजली आणि तिथून पडावात बसून मुरूडला आली.

गंमत म्हणजे याचं उलटं उदाहरण इंग्लंडमध्ये आहे. ग्लॉस्टरशरमध्ये सेझिनकोट नावाचं कंट्री हाऊस आहे. १८०५ च्या सुमारास चार्ल्स कॉकरेल या माणसाने बांधून घेतलं. ईस्ट इंडिया कंपनीच्या नोकरीत हिंदुस्थानात पैसा केला, परत गेला आणि भाऊ आर्किटेक्ट होता, सॅम्युअल पेपिस कॉकरेल, त्याच्याकडून घराच्या माथ्यावर कांद्यासारखा मुघल घुमट चढवून घेतला. हिंदुस्थानची चित्रं काढणारा थॉमस डॅनियल सल्ल्याला होता. पुढे राजपुत्राने ते पाहिलं आणि ब्रायटनचा पॅव्हेलियन त्या थाटाचा झाला. म्हणजे इंग्लंडच्या कुरणात मुघल घुमट, आणि कोकणच्या टेकडीवर गॉथिक कमान. पहिल्याला आपण हौस म्हणतो आणि दुसऱ्याला नक्कल म्हणतो. का? दोघांनीही दुसऱ्याच्या घरातली गोष्ट उचलली. फरक एवढाच की एकाने जिंकणाऱ्याच्या मस्तीत उचलली आणि दुसऱ्याने टिकून राहण्याच्या गरजेपोटी.

घराच्या आतल्या रचनेबद्दल एक मुद्दा सांगतो. आपल्याला वाटतं जनानखाना आणि मर्दानखाना ही फक्त पूर्वेकडची चाल. १८६४ मध्ये रॉबर्ट कर नावाच्या आर्किटेक्टने सद्गृहस्थाचं घर कसं असावं यावर इंग्लंडमध्ये एक जाडजूड ग्रंथ लिहिला. त्यातलं मुख्य सूत्र आहे आडोसा. कुटुंब आणि नोकर यांच्या वाटा वेगळ्या, एकमेकांना दिसता कामा नयेत. पुरुषांच्या खोल्या एकीकडे, बिलियर्ड, सिगारेट, बंदुका. बायकांच्या दुसरीकडे. नोकरांचा जिना मागून. व्हिक्टोरियन कंट्री हाऊस म्हणजे पडद्याचंच घर होतं, फक्त पडदा लाकडी दारांचा. त्यामुळे एखाद्या नवाबाला तो आराखडा परका वाटायचं फारसं कारण नव्हतं.

आणि मग या घरात एक अशी बाई आली जिने पडदाच मोडला. नाझली बेगम. पूर्ण नाव नाझली रफिया सुलतान. मुंबईच्या फैजी कुटुंबातली, तय्यबजी घराण्याशी नातं असलेली. तय्यबजी मंडळींचं किहीमला घर होतं, आणि पक्षिशास्त्रज्ञ सलीम अली याच गोतावळ्यातले. किहीमलाच त्यांनी १९३० मध्ये सुगरण पक्ष्याचा तो प्रसिद्ध अभ्यास केला. म्हणजे हा किनारा त्या कुटुंबाच्या अंगणासारखा. नाझलीच्या दोन बहिणी, झहरा आणि अतिया. अतिया १९०६ मध्ये शिकायला लंडनला गेली. १९०८ मध्ये नवाब, नाझली आणि अतिया युरोपच्या दौऱ्यावर गेले आणि नाझलीने त्या प्रवासावर उर्दूत पुस्तक लिहिलं, 'सैर-ए-युरोप'. मुरूडच्या राजवाड्यातली बेगम लंडन, पॅरिस, इस्तंबूल बघून त्यावर लिहिते, आणि ते छापलं जातं! मराठीत आपण त्या काळातल्या स्त्रियांच्या लेखनाचा केवढा शोध घेतो. आपल्याच जिल्ह्यातल्या या पुस्तकाचं नाव किती जणांनी ऐकलंय?

इंग्लिश कंट्री हाऊसमधली एक मोठी प्रथा म्हणजे आठवडा-आठवडा राहायला येणारे पाहुणे. कवी, पुढारी, चित्रकार. फैजी बहिणींच्या काळात जंजिऱ्याला तसं वळण लागलं. उर्दूतले थोर विद्वान शिबली नोमानी इथे पाहुणे होते. महंमद इक्बाल यांना अतियाने पुन्हा पुन्हा आमंत्रणं दिली. इक्बालांची तिला लिहिलेली पत्रं नंतर प्रसिद्ध झाली, त्यांत जंजिऱ्याचा उल्लेख आहे, आणि येऊ न शकल्याच्या सबबीही आहेत. नाझलीला मूल झालं नाही. १९१३ च्या सुमारास नवाबाशी काडीमोड झाला. वारस दुसऱ्या बेगमेच्या पोटी १९१४ मध्ये जन्मला, सिद्दी महंमदखान. कंट्री हाऊसला वारस लागतो हा नियम इंग्लंडमध्ये जितका निष्ठुर तितकाच मुरूडला. फाळणीनंतर नाझली आणि अतिया कराचीला गेल्या आणि तिथेच वारल्या.

आता पैशाकडे येतो. घर कशावर चाललं? जमीन महसूल, जंगल, अबकारी, जकात. संस्थानाचा बराच मुलूख जंगलाचा, साग-शिसवाचा. आणि त्या जंगलातला एक भाग नवाबाच्या शिकारीसाठी राखलेला, केसोलीचं रान. इंग्लंडमध्ये 'फॉरेस्ट' या शब्दाचा मूळ अर्थच राजाच्या शिकारीसाठी राखलेली जमीन. तिथे झाडं असलीच पाहिजेत असंही नाही. राखीव याचा अर्थ काय, तर बाकीच्यांना मज्जाव. शेजारच्या कातकऱ्याने, ठाकराने ससा मारला तर तो गुन्हा आणि नवाबाने बिबट्या मारला तर ती शिकार. हे एकदा स्पष्ट बोलू. पण दुसरी बाजूही स्पष्ट बोलू: ते रान टिकलं. आज तेच फणसाड अभयारण्य आहे, १९८६ पासून, मुळात साधारण ५४ चौरस किलोमीटर. तिथे पाणवठ्याला गाण म्हणतात आणि फणसाडच्या गाणीवरून अभयारण्याचं नाव पडलं. शेकरू बघायला मुंबईहून लोक जातात ते नवाबाच्या राखीव रानात जातात.

पाण्याचंही तसंच. गारंबीचं धरण नवाबी काळातलं. डोंगरातलं पाणी उतारावरून मुरूडला आणलं. इंग्लिश जमीनदाराने तळं बांधलं की त्यात पहिलं प्रतिबिंब त्याच्या घराचं पडायचं. इथे निदान गावाला पाणी मिळालं, आजही मिळतं.

राहिला जमिनीचा प्रश्न, आणि तो सगळ्यांत कडू आहे. कोकणात शेतकरी आणि सरकार यांच्यामध्ये खोत होता. भात पिकवायचं कुळाने आणि त्यातला मोठा वाटा खळ्यावरूनच जायचा. शेजारच्या अलिबाग तालुक्यात चरी नावाचं गाव आहे. २७ ऑक्टोबर १९३३ ला तिथे नारायण नागू पाटील यांच्या नेतृत्वाखाली कुळांनी ठरवलं, या जमिनी आम्ही कसणार नाही. चरी आणि आसपासच्या गावांनी १९३९ पर्यंत जमिनी पड ठेवल्या. सहा वर्षं! खायचं काय? मोलमजुरी, लाकूडफाटा, मासळी. डॉ. आंबेडकर त्यांच्या पाठीशी उभे राहिले आणि १७ सप्टेंबर १९३७ ला त्यांनी मुंबईच्या विधिमंडळात खोती रद्द करण्याचं विधेयक मांडलं. खोती प्रत्यक्ष गेली ती १९४९ च्या कायद्याने. इंग्लंडमध्ये कंट्री हाऊसवर जे लिहिलं जातं त्यात कुळ आजारी पडला की मालकीणबाई सूप घेऊन जाते. चरीचा संप माहीत असलेल्या माणसाने ते सूप जरा जपून प्यावं.

आणि आणखी एक. इंग्लंडमध्ये आता शोध सुरू आहे की ही घरं कुणाच्या पैशावर बांधली. २०२० मध्ये नॅशनल ट्रस्टने अहवाल काढला आणि आपल्या ताब्यातल्या ९३ जागांचा वसाहती आणि गुलामीशी संबंध दाखवला. त्यावर तिकडे मोठा गदारोळ झाला. ट्रस्टबाहेरचं उदाहरण हवं तर यॉर्कशरचं हेअरवुड हाऊस. लॅसल्स कुटुंबाचा पैसा वेस्ट इंडीजच्या उसाचा, म्हणजे आफ्रिकन गुलामांच्या घामाचा. आता याच्या शेजारी मुरूड ठेवा. एकीकडे आफ्रिकेतून ओढून नेलेल्या माणसांच्या कष्टावर गोऱ्या मालकाचं घर. दुसरीकडे आफ्रिकेतून आलेल्या, त्यातल्या काहींनी गुलामीच पाहिलेल्या माणसांच्या वंशजाने बांधलेलं त्याच थाटाचं घर. असं दुसरं घर जगात शोधायला गेलात तर सचिन संस्थानापर्यंत जावं लागेल, आणि तेही जंजिऱ्याच्याच सिद्दींच्या शाखेचं. यावरून सिद्दी नवाब कुळांशी मायेने वागले असतील असं समजू नका. सत्ता सत्तेसारखीच वागते. पण जगाच्या इतिहासात या घराची जागा काय, ते आपल्या लक्षात आलेलं नाही एवढंच मला म्हणायचंय.

आता घसरण. १८८५ मध्ये मुरूडचा राजवाडा नवा कोरा होता, तेव्हा ज्यांचा कित्ता गिरवला ती घरं आतून खिळखिळी होऊ लागली होती. १८७० च्या दशकात अमेरिकेचा स्वस्त गहू आगबोटींनी येऊ लागला, इंग्लंडमध्ये धान्याचे भाव पडले, खंड पडला. १८९४ मध्ये मालक मेला की इस्टेटीवर कर आला. मग महायुद्धं, वारस मेले, नोकर कारखान्यात गेले. विसाव्या शतकात शेकडो घरं पाडली गेली. १९७४ मध्ये लंडनच्या व्हिक्टोरिया अँड अल्बर्ट म्युझियममध्ये यावरच प्रदर्शन भरलं होतं, आणि तिथे गेलेल्या घरांची नावं एकामागून एक वाचणारा आवाज लावून ठेवला होता. मात्र तोवर त्यांनी एक उपाय काढलेला होता. १९३७ च्या कायद्याने अशी सोय झाली की मालकाने घर नॅशनल ट्रस्टला द्यायचं, सोबत देखभालीपुरतं उत्पन्न द्यायचं, कर माफ, कुटुंबाला राहायची मुभा, आणि लोकांना ठरावीक दिवशी बघायची सोय. लॉर्ड लोथियनने नॉरफकचं ब्लिकलिंग हॉल याच मार्गाने ट्रस्टला दिलं, १९४० मध्ये. आधी घराबरोबर उत्पन्नही घ्यायचं, हे त्यातलं खरं शहाणपण. नुसतं घर घेतलं तर छप्पर कोण शाकारणार?

मुरूडला काय झालं? जानेवारी १९४८ मध्ये संस्थानात प्रजेची चळवळ पेटली, नानासाहेब पुरोहितांच्या नेतृत्वाखाली. म्हसळा आणि श्रीवर्धन ताब्यात घेतलं गेलं. त्या तरुणांमध्ये मोहन धारियाही होते. ८ मार्च १९४८ ला संस्थान मुंबई प्रांतात विलीन झालं. मग महसूल सरकारकडे गेला. खोती १९४९ च्या कायद्याने गेली. जंगल वनखात्याकडे. किल्ला पुरातत्त्व खात्याकडे, आत राहणारी माणसं हळूहळू बाहेर पडली. १९७१ मध्ये तनखे बंद झाले. इस्टेटीचा एकेक भाग सार्वजनिक झाला, आणि तो व्हायलाच हवा होता. उरलं फक्त घर. ते कुटुंबाच्या मालकीचं खाजगी घर म्हणून राहिलं, ज्याच्यामागे आता ना खंड, ना जंगल, ना जकात. कोकणातला पाऊस आणि खारा वारा मात्र पूर्वीइतकाच. टेकडीवरच्या घराला तो दुप्पट लागतो. समोरचा देखावा हवा म्हणून जागा निवडली, त्याची किंमत लाकूड आणि चुना अजून मोजतायत.

मधल्या काळात हे घर लोकांना माहीत झालं ते रामसे बंधूंच्या भुताच्या सिनेमांमुळे. 'पुराना मंदिर' आठवत असेल, १९८४ चा. ती हवेली म्हणजे हीच. मला रामसेंचा राग नाही, त्यांनी निदान चित्रीकरण केलं आणि इमारत फिल्मवर राहिली. पण ज्या घरात नाझली बेगमने युरोपच्या प्रवासाच्या गप्पा केल्या असतील, जिथे शिबलींची सरबराई झाली, त्या घराची ओळख आपल्याकडे दोनच: अजिंक्य जंजिऱ्यावाल्याचं घर, नाहीतर सामरी राक्षसाचं घर.

माझं म्हणणं फार मोठं नाही. सरकारने राजवाडा ताब्यात घ्यावा असं मी म्हणणार नाही. ताब्यात घेतलेल्या इमारतींची अवस्था आपण बघतोच, आणि कुटुंबाचा हक्क हा हक्क आहे. पण कुटुंबाच्या संमतीने मोजमाप घेऊन इमारतीचे नकाशे करता येतात. कुठल्याही आर्किटेक्चर कॉलेजातली पोरं दोन सुट्ट्यांमध्ये हे काम करतील. दर मजल्याचा नकाशा, कमानींची मापं, लाकूड कुठलं, दगड कुठला, नोकरांचा जिना कुठून जातो, जनाना कुठे होता. त्याचबरोबर नाझलीच्या पुस्तकाचा मराठी अनुवाद. आणि मुरूड, म्हसळा, श्रीवर्धनच्या म्हाताऱ्या माणसांकडून, ज्यांच्या घरात नवाबी काळातल्या खंडाच्या, वेठीच्या आठवणी आहेत त्या लिहून घेणं. या तिन्ही गोष्टी एकत्र ठेवल्या तर ती इस्टेट पुन्हा कागदावर उभी राहील. नुसती इमारत वाचवली आणि खंड विसरलो, तर आपण तीच टीव्ही मालिका कोकणात काढू.

वेळ होत आली. एक चिठ्ठी आली आहे, वाचतो. "आम्ही पुढच्या महिन्यात मुरूडला जातोय. राजवाडा आतून बघता येत नाही, तर काय बघावं?"

चांगला प्रश्न आहे. फाटकाशी गर्दी करू नका, ते कुणाचं तरी घर आहे. मुरूडच्या किनाऱ्यावर जा, संध्याकाळी चार-साडेचारला, आणि उत्तरेकडे टेकडीकडे बघा. राजवाडा आणि पद्मदुर्ग एकाच नजरेत येतात का ते पाहा. दुसऱ्या दिवशी किल्ल्यात गेलात की सुरूलखानाच्या वाड्यापाशी जरा थांबा, गाइडची घाई चालते तरी थांबा. आणि परतताना राजपुरीजवळ खोकरीला जा. तिथे तीन दगडी घुमट आहेत, सुरूलखान, याकूतखान, खैरियतखान यांच्या कबरींचे. होडीच्या रांगेत दोन तास घालवणारे लोक तिथे दहा मिनिटंसुद्धा जात नाहीत. जुन्या गॅझेटियरमध्ये नोंद आहे की सुरूलखानाच्या कबरीच्या देखभालीसाठी सावली-मिठागर हे गाव लावून दिलं होतं आणि बाकी दोन कबरींसाठी दोडकल. एका गावाचं उत्पन्न एका घुमटाला. दगडावरची जाळी बघताना ते गाव डोक्यात असू द्या. सावली-मिठागर तिथून फार लांब नाही, वाटेत चहा मिळतो.